बाहेरून लावलेलं दार

इस्त्रीवाल्या मावशींना वॉर्डात आणलं तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं आणि कपाळावर खरचटल्याची लाल रेघ. मुलगा पुढे, सून मागे आणि मधे चाकाच्या खुर्चीत मावशी, पाठ ताठ, नजर फरशीवर. बाई एवढीशी. पण बसली होती अशी की कुणी कडक घडी घालून खुर्चीत ठेवून दिलंय.

"खिडकीतून पडल्या," सून हळू आवाजात म्हणाली. "स्वयंपाकघराच्या. तळमजला म्हणून निभावलं. देवानेच हात दिला."

"पडल्या की उतरत होत्या?" सिस्टरने विचारलं.

मुलाने बायकोकडे पाहिलं, बायकोने खुर्चीच्या चाकाकडे.

"उतरत होती," मुलगा म्हणाला. "तुमच्यापासून काय लपवायचं सिस्टर, आईचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही."

 आयुष्यभर मावशींनी दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली होती, त्यावर मुलाला शिकवलं होतं, आणि तोच मुलगा आता त्यांच्या डोक्यावरून त्यांच्याच डोक्याबद्दल बोलत होता. मावशी डाव्या तळव्याने मांडीवरच्या चादरीची चुणी सपाट करत राहिल्या.

आता या सिस्टरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हाडांच्या वॉर्डात तिची उमर गेली होती, पण नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. मोडलेल्या हाडाबरोबर कुणाचं मन मोडलंय, कुणाचं भान सुटलंय, हे ओळखावं तर हिनेच. मनाचे डॉक्टर या हॉस्पिटलात फक्त गुरुवारी यायचे. पेशंटपाशी पाच-दहा मिनिटं बसायचे आणि बाकीचं नर्सच्या सांगण्यावर ठरवायचे. झोपते का, जेवते का, वार-ठिकाण-माणसं ओळखते का, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का. मनाचं दुखणं नाही असं ठरलं तर पेशंट घरी. आहे असं ठरलं तर वरचा मजला. वरच्या मजल्याला लोखंडी जाळी होती, जाळीला कुलूप होतं, आणि तिथे गेलेल्या माणसाला खाली यायला फार दिवस लागायचे.

सिस्टर नव्या पोरींना सांगायची, "पोलिसासारखे प्रश्न विचारू नका गं. हात कामात ठेवा, पलंगपोस बदला, नखं कापा, आणि बोलता बोलता विचारा. माणूस हाताकडे बघतो तेव्हा खरं बोलतो."

गोष्ट खरीच होती. फक्त आपल्या हाताकडेही कुणीतरी बघतं, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने मावशींच्या कपाळाची जखम पुसायला घेतली. खाटेच्या लोखंडी कठड्यावरून ती वाकली. कठड्याला काहीतरी लागून खण्‌ वाजलं. मावशींचे डोळे एकदम तिच्या ॲप्रनवर गेले आणि तिथेच थिजले.

"दुखतंय का मावशी?"

मान हलली. हो की नाही, कळलं नाही.

"आज वार कोणता आहे, सांगता येईल?"

"माहीत नाही."

"बरं, आपण आहोत कुठे?"

मावशींनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हे दार रात्री लावतात का?"

"लोटून घेतो नुसतं. का हो?"

सिस्टरने डावं मनगट हातात घेतलं. नाडी पळत होती, मांजर पाठी लागलेल्या उंदरासारखी. डावा हात सुटला की पुन्हा चादरीवर, पुढे-मागे, पुढे-मागे.

"जेवण कसं वाटलं इथलं?"

"बरं."

"झोप लागेल ना?"

"लागेल."

"खिडकीतून कुठे निघाला होतात?"

मावशींनी ओठ असे मिटले की विचारणाऱ्यालाच आपण आगाऊपणा केला असं वाटावं. सिस्टर सरळ झाली, तिने सवयीने ॲप्रनचा खिसा वरून चाचपला आणि पुढच्या खाटेकडे गेली. सायंकाळी तिने जे पाहिलं ते लिहिलं: घाबरलेली, संशयी, वाराचं भान नाही, हाताची निरर्थक हालचाल. लिहिण्यात तसूभर खोट नव्हती. दिसलं तेच लिहिलं.

मुलगा जाता जाता तिला खाटेच्या पायथ्याशी भेटला. गडी थकलेला, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"मी दिवसभर कामावर, बायको पण कामावर," तो म्हणाला. "एकदा आईकडून इस्त्री चालू राहिली. टेबल जळालं. परत आलो तेव्हा घर धुराने भरलेलं आणि आई बाहेर बाकावर बसून गप्पा मारतेय. तेव्हापासून दाराला कुलूप घालून जातो. मला काय हौस आहे?"

"दुसरं काय करणार," सिस्टर म्हणाली.

ती हे अगदी मनापासून म्हणाली. खिशावरून हात फिरवतच म्हणाली. तिची पाठ खाटेकडे होती. खाटेवर मावशी डोळे मिटून होत्या, पण कान काही मिटता येत नाहीत.

सिस्टर घरी पोचायची तेव्हा जिन्यातला दिवा लागलेला असायचा. दाराला बाहेरून जाड कुलूप. ती किल्ली काढायची, कुलूप उघडायची, आणि दार उघडण्याआधी क्षणभर थांबायची. आत काय दिसेल याची धास्ती. नळ वाहता असेल, कपाट उपसलेलं असेल, किंवा आई दाराला टेकून फरशीवर झोपी गेली असेल. आत आई होती, एकटी, सकाळपासून.

आईचं भान हळूहळू सुटत गेलं होतं. आधी नावं गेली, मग नाती गेली, मग रस्ते. एकदा आई घरच्या सपाता घालून बाहेर पडली आणि बसच्या डेपोत सापडली. ड्रायव्हरला विचारत होती, ही गाडी माझ्या आईकडे जाते का. त्या दिवसापासून कुलूप आलं. दुसऱ्या शहरातला भाऊ फोनवर म्हणायचा, "अगं, कुणी बाई ठेव ना." बाई ठेवायला लागणारे पैसे सोडून बाकी सगळं तो द्यायचा.

देवावर तिचा भरवसा होता. निघताना देवाला सांगायची, आता तूच बस तिच्यापाशी. तरी वाटेत दहादा खिसा चाचपायची. किल्ली आहे ना? म्हणजे कुलूप लावलंय. लावलंय ना? किल्ली आहे म्हणजे लावलं असेल. ड्यूटीवर किल्ली लॉकरमध्ये ठेवून तिला चैनच पडायचं नाही. ती ॲप्रनच्या खिशात हवी, हाताला लागायला हवी. आई आत आहे याची तेवढीच खूण.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलताना चिमणीने सगळ्या खाटांची खबर दिली. ही धाकटी नर्स. सारखी चिवचिव करायची म्हणून तिचं नाव चिमणी.

"आणि इस्त्रीवाल्या मावशी तर काय गोड आहेत हो," चिमणी म्हणाली. "माझी कॉलर बघून म्हणाल्या, पोरी, हिला इस्त्री केलीय की हिच्यावर कुणी बसलंय?"

"बोलल्या?"

"बोलल्या म्हणजे? वार सांगितला, महिना सांगितला, सुनेच्या माहेरचं सांगितलं. मला आवरायला लागलं."

सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. "माझ्यापाशी तर तोंड उघडत नाहीत."

"घाबरत असतील तुम्हाला. मीपण पहिलं वर्षभर घाबरायचे."

चिमणी हसत निघून गेली, पण सिस्टरला ते लागलं. पेशंट मला घाबरेल? ती पुन्हा मावशींपाशी गेली. चादर बदलली, उशी झटकली, गार पाणी दिलं, जितकं मऊ बोलता येईल तितकं बोलली. आणि जितक्यांदा वाकली तितक्यांदा मावशी गोगलगायीसारख्या आत आत गेल्या. शंभरातून सात वजा करायला सांगितलं तर छताकडे बघू लागल्या. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तर तिसऱ्या शब्दाआधीच डोळे मिटून घेतले.

मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य, त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं. एक म्हणते भान शाबूत, दुसरी म्हणते गेलंय.

"चिमणी नवी आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "गोड बोलण्याला भुलली असेल. असे पेशंट एका वेळी छान असतात, दुसऱ्या वेळी नसतात. तुमची नजर जुनी. तुमचं काय म्हणणं?"

तेव्हा सिस्टर म्हणू शकली असती की मला खात्री नाही. पण नावाजलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणणं फार जड जातं.

"भान ठिकाणावर वाटत नाही," ती म्हणाली. "आणि भीती आहे. कशाची ते सांगत नाहीत. घरी कोंडून ठेवलं तर पुन्हा खिडकी गाठतील."

"मग वर एक खाट धरून ठेवायला सांगते. गुरुवारी डॉक्टर बघतील."

डॉक्टर बघतील, हे म्हणायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टर सिस्टरच्याच डोळ्यांनी बघणार. त्या संध्याकाळी मुलाच्या कानावर घातलं तर तो स्टुलावर बसूनच राहिला. "वर ठेवलंत तर मी भेटायला येऊ शकतो ना?" एवढंच त्याने विचारलं. मावशी भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताखाली चादरीवर एकही चुणी नव्हती.

बुधवारी एक लहानशी गोष्ट घडली. देवाला जेव्हा कुणाला जागं करायचं असतं तेव्हा तो ढोल वाजवत येत नाही. आयाबाईच्या हातून औषधाची लाल बाटली निसटली आणि सगळी सिस्टरच्या ॲप्रनवर सांडली.

"अगं बाई, खून झाल्यासारखं दिसतंय," आयाबाई म्हणाली. "काढा तो, आत्ता पाण्यातून काढला तर जाईल. नाहीतर जन्माचा डाग."

सिस्टरने घाईत ॲप्रन काढून दिला आणि नुसत्या गणवेशात मावशींच्या खाटेशी गेली. मावशींचे केस विंचरायचे होते, एका हाताने त्यांना ते जमत नव्हतं. तिने कंगवा घेतला, मागे उभी राहिली, गुंता सोडवू लागली. आज काही विचारायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. विचारून झालं होतं सगळं.

"हळू ओढा," मावशी म्हणाल्या. "आहेत तेवढे तरी राहू देत."

सिस्टरचा हात थांबला. तीन दिवसांत मावशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या होत्या.

"राहतील हो. दाट आहेत अजून."

"खोटं बोलू नका. बुधवारी खोटं बोललं तर आठवडाभर बोलावं लागतं, असं आमच्या दुकानातली एक म्हणायची. ती रोजच बोलायची म्हणा."

बुधवार. सिस्टरने तो शब्द ऐकला आणि कंगवा तसाच चालू ठेवला. "कोणतं दुकान?"

"कपडे धुण्याचं. नदीच्या पुलाजवळ होतं. आता तिथे बँक झाली. तुमच्या या हॉस्पिटलच्या चादरी कोण धुतं? त्याला बोलवा एकदा माझ्याकडे. चुण्या बघा कशा आहेत. मी आल्यापासून हाताने इस्त्री करतेय, पण हात काय गरम होतो थोडाच."

निरर्थक हालचाल. सिस्टरला आपलंच लिहिणं आठवलं आणि मागे उभी होती तिथे कानशिलं तापली.

"मावशी, रागावणार नसाल तर एक विचारू? खिडकीतून का उतरलात?"

"दारातून जाता आलं असतं तर दारातून गेले असते."

"जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात होतं का? मला सांगितलंत तर चालेल. मी कुणाला ओरडणार नाही."

"तळमजल्यावरून? सिस्टर, मी म्हातारी आहे, खुळी नाही. जीव द्यायला कुणी गुडघाभर उंचीवरून उडी मारतं का?" मावशी हसल्या. "धुराचा वास आला होता. शेजारणीचं दूध करपलं होतं, ते नंतर कळलं. पण त्या वेळी मला काय माहीत? दार ओढलं, बाहेरून कुलूप. हाका मारल्या, जिन्यात कुणी नाही. टेबल जळालं होतं ना, तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. मला वाटलं, आता मी आत आणि आग पण आत. मग खिडकी दिसली."

सिस्टरने वेणीचा शेवटचा पेड घातला. असं साधं, असं सरळ. याच्यात वेड कुठे होतं? धुराचा वास आल्यावर जो बसून राहील तोच वेडा.

"मुलाला सांगितलंत हे?"

"तो म्हणतो, कुठे होता धूर? दूधच तर होतं."

एवढ्यात आयाबाई ॲप्रन घेऊन आली. डाग गेला होता, कापड ओलसर होतं. "खिशातली किल्ली तशीच ठेवलीय बरं का," ती म्हणाली. सिस्टरने ॲप्रन चढवला. नाडी बघायची राहिली होती, म्हणून समोर येऊन तिने मावशींचं डावं मनगट धरलं. नाडी शांत होती, संथ, ठेक्यातली. सिस्टर घड्याळ बघायला थोडी वाकली. किल्ली कठड्यावर आपटली.

खण्‌.

तिच्या बोटांखाली नाडी एकदम उसळली. रंगात आलेल्या कथेकऱ्याचा टाळ मधेच निसटून फरशीवर पडावा आणि सगळी सभा दचकावी, तशी. सिस्टरने मान वर केली. मावशींचा चेहरा मिटत चालला होता, दुकानाची फळी ओढून घेतात तसा. डोळे खिशावर. आणि सिस्टरचा मोकळा हात, तिला नकळत, खिसा चाचपत होता.

ती तशीच उभी राहिली. तिने पेशंटचं सगळं पाहिलं होतं, फक्त पेशंटला काय दिसतं ते पाहिलं नव्हतं.

तिने किल्ली काढली आणि कठड्याला लागू न देता चादरीवर ठेवली.

"मावशी, हिची भीती वाटते?"

 पलीकडच्या खाटेवरची पोरगी खोकली.

"मुलगा सकाळी कुलूप लावतो," मावशी हळू म्हणाल्या. "किल्ली खिशात टाकतो. मग वरून चाचपतो. मी दाराच्या आत उभी असते ना, मला सगळं ऐकू येतं. कुलूप, किल्ली, मग त्याची पावलं. तुम्ही पण तसंच चाचपता. तुम्ही वाकलात की मला वाटतं, लागलं कुलूप."

"मग बोलायचं होतंत ना मला."

"काय बोलायचं? तुम्ही त्याला म्हणालात, दुसरं काय करणार. म्हटलं, ही पण त्यांच्यातलीच. ज्याच्या खिशात किल्ली असते त्याला मी शहाणी आहे म्हणून सांगून काय फायदा? तो म्हणतो, शहाणी आहेस ना, मग बस गप आत." मावशींनी चादरीवरच्या किल्लीकडे पाहिलं. "कुठल्या दाराची आहे?"

"माझ्या घराच्या."

"आत कोण आहे?"

माणसाच्या मनाची परीक्षा घ्यायला शिकलेली ती बाई, आणि तिला विचारलेला हा एवढा सोपा प्रश्न.  तिने किल्ली उचलली, मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

गुरुवारी डॉक्टर आले. त्यांच्या पुढ्यात मोठ्या सिस्टर, बाजूला सिस्टर, मागे चिमणी. आधल्या संध्याकाळी सिस्टरने देवाला विचारलं होतं की मी काय करू. देव असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही, कारण ते विचारणाऱ्याला माहीतच असतं.

"वरची खाट तयार आहे म्हणे," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, माझं चुकलंय," सिस्टर म्हणाली. मोठ्या सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "मी जे लिहिलं ते माझ्यामुळे झालं होतं. मावशींना घरी कोंडून ठेवतात. माझ्या खिशात किल्ली असते, ती वाजली की त्यांना धडकी भरते. मी नसले की त्यांचं सगळं ठीक असतं. चिमणीचंच बरोबर होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "किल्लीचा आवाज. सिस्टर, हे जरा पुस्तकाबाहेरचं आहे."

"तुम्हीच बघा. मी बाहेर थांबते, किल्ली घेऊन."

ती वॉर्डाच्या दाराबाहेर उभी राहिली. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग कधीतरी डॉक्टर हसल्याचा आवाज आला. मोठ्या सिस्टर तिला बोलवायला आल्या.

"शंभरातून सात वजा करत गेल्या," डॉक्टर म्हणाले, "आणि मधेच मला म्हणाल्या, तुम्हीच चुकलात. मी चुकलोच होतो. यांचं वर काही काम नाही. मनात भीती आहे, ती असणारच. घरच्यांशी बोला, कुलूप बंद करायला लागेल, म्हणजे, लावणं बंद." ते स्वतःशीच थोडे हसले. मग त्यांनी सहज विचारलं, "पण सिस्टर, घराची किल्ली तर सगळ्यांच्याच खिशात असते. तुम्ही एवढी चाचपता का?"

सुटण्यासारखी जागा होती. सवय आहे, म्हणता आलं असतं.

"आत आई असते," सिस्टर म्हणाली. "तिला भान नाही. खरंच नाही. मी दिवसभर कोंडून येते."

 डॉक्टरांनी खिशात पेन ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"घेऊन या ना एकदा त्यांना."

"रजा कुठे आहे, डॉक्टर?"

"रजेचं मी बघते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या खाटेकडे वळल्या.

दुपारी मुलगा आईला न्यायला आला. सिस्टरने त्याला बाजूला घेतलं नाही. मावशींच्या समोरच बोलली, कारण बाजूला घेऊन बोललेलं सगळं आधीच पुरेसं झालं होतं.

"तुमच्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. कुलूप घालू नका. किल्ली त्यांच्या हातात द्या."

"आणि इस्त्री?" मुलगा म्हणाला.

"इस्त्री तू घेऊन जा कामावर," मावशी म्हणाल्या. "तुझ्या शर्टाला गरजही आहे."

मुलाला हसू आलं आणि त्याने ते गिळलं. त्याचे डोळे लाल होते. "सिस्टर, तुम्हाला सांगायला सोपं आहे. तुमच्या घरी असं कुणी असतं ना, तर कळलं असतं."

"आहे."

"मग काय करता?"

"कुलूप घालते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मग मला कुठल्या तोंडाने सांगता?"

"तुमच्या आईला बाहेर गेल्यावर घरी परत येता येतं," सिस्टर म्हणाली. "धुराचा वास आला तर पळता येतं. माझ्या आईला येत नाही. फरक तेवढाच आहे, पण तो केवढा मोठा आहे ते मला विचारा. तुमची आई अजून आहे तुमच्याकडे. तिला कुलपात घालून घालवू नका."

 मुलाने खिशात हात घातला. थोडा वेळ हात तिथेच राहिला. मग त्याने जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि आईच्या डाव्या तळव्यावर ठेवली. मावशींनी मूठ लगेच मिटली नाही. आधी किल्ली नीट बघितली, हीच ना, म्हणून.

निघताना मावशींनी चाकाची खुर्ची थांबवायला लावली. त्यांनी आपला हातरुमाल काढला. चार घड्या, कडेला कड अगदी बरोबर जुळलेली, हाताखाली दाबून दाबून सपाट केलेला.

"तुमची किल्ली यात गुंडाळा," त्या म्हणाल्या. "आवाज नाही व्हायचा. इथे आणखी कुणीतरी माझ्यासारखी येईलच की." मग थोडं थांबून, "तुम्हाला दुसरं काय सांगू? मी आतली बाई. बाहेरच्या बाईचं मला कधी कळलं नव्हतं. आता थोडं कळलं. देव तुमच्या आईपाशी बसो."

त्या संध्याकाळी सिस्टर जिना चढून दारापाशी आली. रुमालातून किल्ली काढली. कुलपाला लावली. आणि रोजच्यासारखी फिरवली नाही. तिला मावशी दिसल्या, दाराच्या आतल्या बाजूला कान देऊन उभ्या. तिने हात मागे घेतला आणि दारावर टकटक केली. रोज ती न विचारताच आत शिरायची, तुरुंगाच्या पहारेकऱ्यासारखी. आज तिला वाटलं, निदान विचारावं.

आत सपाता घासत आल्या.

"कोण आहे?"

"मी आहे, आई."

"थांब हं, उघडते."

आतून कडीचा आवाज झाला. दार थरथरलं, ओढलं गेलं, पुन्हा ओढलं गेलं. आई सगळं बळ लावत होती.

"उघडत नाही गं."

"बाहेरून लागलंय, आई."

"कुणी लावलं?"

सिस्टरचं कपाळ दाराला टेकलं. लाकूड गार होतं. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी लहान मूल हसत होतं.

"मी लावलं," ती म्हणाली.

 मग अगदी जवळून, दाराच्या फटीशी तोंड लावून, आईचा आवाज आला. दमलेल्या लेकराशी बोलावं तसा, जुना, ओळखीचा, बऱ्याच महिन्यांत न ऐकलेला.

"रडू नकोस. अडकलीस का बाहेर? मी आहे ना इथे. कुणीतरी येईल किल्ली घेऊन, तोवर मी इथेच उभी राहते."

किल्ली सिस्टरच्या हातात होती. ती लगेच फिरवायचं तिच्या जिवावर आलं. दाराच्या दोन बाजूंना दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.